पश्चिम घाटात आदिवासी शेतकऱ्यांसोबत देशी झाडांचं सदाहरित जंगल परत उभं करता येतं का? कुठली झाडं लावायची आणि किती अंतरावर?

येतं. पण तुमच्या प्रश्नातला 'लावायची' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की एका पाड्याने तुमच्या ग्रुपला डोंगरउतारावरची जागा दाखवलीय, जूनच्या आधी खड्डे घेऊन व्हायला हवेत आणि तुम्हाला झाडांची यादी हवीय. यादी देतो, पण आधी एक गोष्ट सांगायचीय.

पंधरा वर्षांपूर्वी मी एका संस्थेत फील्डवर कामाला होतो. घाटमाथ्याच्या जरा खाली महादेव कोळी शेतकऱ्यांची वरकस, म्हणजे उतारावरची हलकी, जमीन होती, बरीच वर्षं पडीक, आणि तिथे आम्हाला तीन हेक्टरवर जंगल उभं करायचं होतं. निधी आला मार्चमधे आणि खड्ड्यांचे फोटो जूनच्या आत पाठवायचे होते, म्हणून मे महिन्यात मजूर लावून आम्ही सगळा उतार साफ केला. साफ केला म्हणजे गुडघाभर उंचीचं जे काही झुडूप होतं ते कोयत्याने छाटलं, खुंट कुदळीने उपटले, दोरी लावून सरळ ओळी आखल्या. पाड्यावरची एक आजी रोज शेळ्या घेऊन तिथनं जायची, काही बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी ती थांबली, ढिगातला एक खुंट उचलला आणि नखाने त्याची साल खरवडली. आतनं हिरवीगार निघाली. भर मे महिन्यात. मला म्हणाली, "दादा, ह्यो मेला नव्हता. ही अंजनी हाय. ती तिकडं जांभळ. ह्यांना नुस्तं राखलं आसतं तरी रान झालं आसतं." मी चोवीस वर्षांचा, हातात जीपीएस. मी तिला म्हणालो, आजी, आपण याहून चांगली झाडं लावणार आहोत.

ते वाक्य मला आजही टोचतं.

रोपवाटिकेत जे होतं ते आम्ही लावलं. कडुनिंब, शिसू, करंज. सगळी 'देशी' म्हणून रिपोर्टमधे गेली. शिसू देशी आहेच, पण ते मूळचं हिमालयाच्या पायथ्याचं झाड, सह्याद्रीच्या ओल्या उतारावर त्याचं काय काम? देशी वेगळं आणि त्या उतारावरचं वेगळं, हे कुणी तपासतच नाही. ऑक्टोबरात मोजलं तर जवळपास सगळी रोपं जिवंत, सगळे खूश. अहो, ऑक्टोबरात सगळंच जिवंत असतं. घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण तो सगळा चार महिन्यांत, नंतरचे आठ महिने रोपाला कोरड्यात, वाऱ्यात आणि वणव्याच्या तोंडाशी काढायचे असतात. फेब्रुवारीत खालच्या अंगाने वणवा आला, आमची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, नावालाच होती, आणि पुढच्या मे मधे मी तिथे उभा होतो तेव्हा काळे पडलेले सरळ खड्डे तेवढे दिसत होते.

आजीने तिचा ओढ्याकडचा तुकडा आम्हाला दिला नव्हता. चार वर्षांनी संस्था सोडल्यावर मी नुसता भेटायला म्हणून गेलो तर त्या तुकड्यात अंजनी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, फांद्यांना चिकटून बारीक निळी फुलं आलेली, खाली जांभळाचे फुटवे, पिसा या झाडाची रोपं, दगडाच्या बेचक्यात पक्ष्यांनी आणलेलं उंबर. तिने केलं काय होतं? काटेरी फांद्यांची वई घातली, शेळ्या वरच्या बाजूला नेल्या, दर हिवाळ्यात घरच्यांना घेऊन कडेचं गवत कापून जाळरेषा काढली, आणि जुन्या झाडाखाली उगवलेली हिरड्याची चार-पाच रोपं आणून लावली. बस. अंजनी, पिसा, जांभूळ हीच तर भीमाशंकर-महाबळेश्वर पट्ट्यातल्या सदाहरित जंगलाची मुख्य झाडं. ती आमच्या पायाखाली होती आणि आम्ही ती उपटून बाहेर टाकली.

आमचे तेव्हाचे साहेब मीटिंगमधे म्हणाले की लोकांनीच शेळ्या सोडल्या, लोकांनीच आग लावली, हे लोक राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, झाडं तोडतात, यांच्यासोबत जंगल होत नाही. मी तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो. राबासाठी ऐनाची फांदी तोडतात, खोड तोडत नाहीत, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाची फांदी परत लागणार असते. सह्याद्रीचे डोंगर बोडके झाले त्यात कोळशाच्या भट्ट्यांचा आणि लाकडाच्या ठेकेदारांचा हात किती मोठा, हे पाड्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, कुठल्या वर्षी कुठली बाजू तुटली ते तो बोटाने दाखवेल. आणि त्याच डोंगरावर हिरड्याचं जुनं झाड अजून उभं दिसतं, ते का? कारण त्याचा बाळहिरडा, म्हणजे वाळवलेली कोवळी फळं, दरवर्षी विकला जातो. ज्या झाडावर घरातल्यांचा हक्क आहे आणि ज्यातनं दरवर्षी काही मिळतं, ते झाड लोक जिवापाड राखतात, त्याला जनजागृती लागत नाही.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला झाडांचा नाहीच, कागदाचा आहे. ती जागा कुणाची? वनखात्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला आपलं सामूहिक वन राखायचा, पुन्हा वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे, तो दावा झालाय का बघा, नसेल तर झाडांच्या आधी त्यासाठी मदत करा. मालकीची असेल तर अजून एक भानगड आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं अनुसूचित आहेत, स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. मग शेतकरी काय करतो, रोप वीतभर असतानाच उपटतो, म्हणजे पुढची कटकटच नको. तुम्ही ही भीती समजून न घेता फुकट रोपं वाटलीत तर तो नाही म्हणणार नाही, पण ती जगवणारही नाही.

आता यादी. आधी उन्हात भराभर वाढणारी, चांदाडा, शेंद्री, उंबर. यांच्या सावलीत रानमोडी (बाहेरून आलेलं, माजणारं तण) आणि गवत दबतं, आणि उंबरावर पक्षी आले की बाकीच्या बिया ते आणतात. सावली धरली की मग तिच्याखाली पिसा, अंजनी, जांभूळ. कडेला हिरडा-बेहडा. बेहडा मोठा झाला की त्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, पण ते बघायला तुमची पुढची पिढी लागेल. जांभळाची बी साठवू नका, थोड्या आठवड्यांत मरते, पडली की लगेच पेरा. अंतराचं म्हणाल तर जिथे खुंट नाही तिथेच खड्डा, बाकी पट्टी घेऊन मोजू नका. मियावाकी, म्हणजे रोपं अगदी दाटीने लावायची जपानी पद्धत, तर अजिबात नको, एका चौरस मीटरला तीन-चार रोपं हे शहरातल्या तुकड्यासाठी ठीक, डोंगरावर ती माती आणि ते पाणी आणणार कुठनं?

रोपं बाहेरून विकत आणण्यापेक्षा बिया पाड्यावरच्या बायकांकडून पैसे देऊन घ्या. ब्राझीलमधे शिंगू नदीच्या खोऱ्यात २००७ पासून असं बियाण्यांचं जाळं चालू आहे, आदिवासी आणि छोटे शेतकरी, त्यात बायका जास्त, बिया गोळा करून विकतात आणि त्या मिसळून थेट जमिनीत पेरल्या जातात. कुठल्या झाडाची बी कधी पिकते हे त्यांना माहीतच असतं, त्या माहितीचे पैसे दिले पाहिजेत.

हे आधीच लिहायला हवं होतं पण राहिलं, सगळीकडे 'नुसतं राखा' चालत नाही. जिथे माती वाहून खाली खडक लागलाय, खुंटही मेलेत, तिथे रोपं लावावीच लागतील. आणि उघडा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळाचं पठार, दिसला तर तो मोकळा आहे म्हणून झाडं लावू नका, सड्यावरचं गवत आणि पावसाळी फुलं हीच तिथली संपत्ती. शिवाय पाडा म्हणजे सगळे सारखे नसतात. चराई बंद केली की ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त शेळ्या आहेत, बहुतेक वेळा कातकरी घरं, त्यांचं काय ते आधी ग्रामसभेत बसून ठरवा, त्या बैठकीला बायका नसतील तर बैठक परत घ्या.

तुमच्या हातात अजून मे महिना आहे. मजूर लावायच्या आधी पाड्यावरच्या एखाद्या शेळ्या राखणाऱ्या आजीला सोबत घ्या, त्या उतारावर फिरा आणि खुंटांची साल खरवडून बघा. हिरवी निघाली तर खड्डे थांबवा आणि किती खुंट सापडले ते मला इथे कमेंटमधे कळवा.