एक्स-रे नॉर्मल आहे, पण जिना उतरताना गुडघा सटकतो. एमआरआय करावा का?

तुम्ही लिहिलंय: नेरुळच्या टर्फवर फिल्डिंग करताना पाय रोवलेला राहिला आणि अंग वळलं, कट् असा आवाज आला, तासाभरात गुडघा टम्म फुगला. आज आठवा दिवस. सपाटीवर चालता येतं, स्टेशनचा जिना उतरताना मात्र गुडघा सटकतो. एक्स-रे नॉर्मल म्हणून घरचे म्हणतात, चोळून घे.

चोळून घेऊ नका. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा मजबूत पट्टा) दिसत नाही, त्यामुळे तो नॉर्मल आला याचा अर्थ बहुधा फ्रॅक्चर नाही, एवढाच.

खरी माहिती सूज कधी आली यात असते. एक-दोन तासांत भरलेला गुडघा म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साचलंय, आणि त्याचं सर्वांत नेहमीचं कारण एसीएल तुटणं, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेलं, नडगीला पुढे सरकू न देणारं लिगामेंट तुटणं. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज मेनिस्कसकडे, म्हणजे गुडघ्यातल्या गादीकडे, जास्त बोट दाखवते. बाहेरून धक्का बसून आतल्या बाजूला दुखत असेल तर एमसीएल, म्हणजे त्या बाजूचं लिगामेंट. ते बहुतेकदा ब्रेस आणि व्यायामावर भरून येतं. तुमचं वर्णन मला एसीएलचं वाटतं, पण ते हात लावून तपासल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग एमआरआय. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखण्यामुळे स्नायू इतके आवळलेले असतात की लॅकमन चाचणी नीट होत नाही (गुडघा थोडा वाकवून नडगीचं हाड पुढे ओढून पाहतात, ती). आता सूज उतरत असेल तर ही तपासणीची चांगली वेळ आहे. खाजगी परवडत नसेल तर वाशीच्या महापालिका रुग्णालयाची किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ओपीडी आहे. एक्स-रेची फिल्म सोबत न्या.

पुढीलपैकी काही झालं तर मात्र ओपीडीची वाट पाहू नका. पाऊल गार किंवा बधिर पडलं, पंजा वर उचलता येईना, किंवा गुडघा जागेवरून सरकून परत बसल्यासारखा वाटला, तर तासाभराचाही उशीर नको. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. ताप आणि लालभडक गरम गुडघा, किंवा पोटरी सुजून दुखणं, यातही त्याच दिवशी दाखवा. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर मेनिस्कसचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो; तिथे शस्त्रक्रिया लांबवणं महागात पडतं.

तोवर घरी: फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. गुडघ्याखाली उशी ठेवू नका, हे जवळजवळ सगळेच चुकतात. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि सरळपणा परत मिळवायला आठवडे जातात. उशी टाचेखाली ठेवा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून मांडी आवळत ती खाली दाबायची, ५ सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा. करून झालं की गुंडाळी काढा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी चांगल्या बाजूच्या हातात. गर्दीची लोकल सध्या टाळा, धावती तर अजिबात नको.

एसीएल तुटलेलंच निघालं तरी घाबरून दुसऱ्या दिवशी टेबलावर चढू नका. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने केलेलं ऑपरेशन तो कायमचा ताठर करू शकतं. आधी सूज उतरायला हवी आणि गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. ऑफिस आणि चालणं एवढंच करायचं असेल तर तीन महिने नेटाने फिजिओथेरपी करून पाहणं वाजवी आहे. पण व्यायामानंतरही गुडघा सटकत राहिला तर ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही, कारण प्रत्येक सटकण्यात मेनिस्कस फाटण्याचा धोका असतो. टर्फवर परतायचं तर ऑपरेशननंतर किमान ९ महिने धरा, आणि तेही दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाल्यावर.