मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोणती लेन्स घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वय ६४, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ३ च्या आसपास आणि डॉक्टरांनी डोळ्यात बसवायच्या लेन्सचे मोनोफोकल, टोरिक, मल्टिफोकल असे तीन पर्याय दिलेत. तर यातली सगळ्यांत चांगली लेन्स कोणती? त्याआधी मलाच एक विचारायचंय. वाचताना तुम्ही चष्मा काढून ठेवता का?

मी ठेवायचो. माझाही नंबर एवढाच होता आणि काम मुद्रितशोधनाचं. उणे ३ च्या डोळ्याला साधारण ३३ सेंटिमीटरवरचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, म्हणून बरोबरीच्या सगळ्यांना चाळिशी लागली तरी मला कधी लागली नाही. पहिल्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "लांबचं ठेवू ना?" मी हो म्हटलं. ऑपरेशन छान झालं. समोरच्या झाडाचं पान न् पान सुटं दिसू लागलं, रंग उजळले. मग चार-सहा दिवसांनी प्रूफ हातात घेतलं, तर त्या डोळ्याने एक ओळ लागेना. वर्षानुवर्षं ज्या नजरेवर काम केलं ती मी एका "हो"मध्ये देऊन टाकली होती, आणि हे मला आधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

म्हणून लेन्सचं नाव मागाहून बघा. चष्म्याशिवाय किती अंतरावरचं दिसायला हवं, ते आधी ठरवा. मोनोफोकल म्हणजे लांबचं दिसणारी, असा समज असतो. खरं तर ती कुठल्याही एका अंतराला बसवता येते. लांबचं ठेवलं तर वाचायला चाळिशी लागेल. मुद्दाम उणे अडीच नंबर राखला तर ४० सेंटिमीटरवर आरामात वाचाल आणि बाहेर पडताना चष्मा लावाल. जन्मभर चष्मा काढून वाचणाऱ्याला हा दुसरा मार्ग जास्त मानवण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या डोळ्याला मी मधला रस्ता घेतला. साधारण उणे दीड नंबर ठेवायचं ठरलं, म्हणजे एक डोळा लांब बघणार आणि दुसरा हातभर अंतरावर. आधी त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स घालून तेवढाच फरक काही दिवस करून पाहिला. चक्कर येत नाही, जिने उतरताना पाय चुकत नाही, हे बघितलं आणि मगच होकार दिला. आता स्क्रीन आणि मोठी अक्षरं चष्म्याशिवाय वाचतो. बारीक टाइपाला चष्मा लागतो, त्याची मला अडचण नाही. सगळ्यांना हे जमत नाही, म्हणून आधी करून पाहणं महत्त्वाचं.

टोरिक हा मोनोफोकल आणि मल्टिफोकलपेक्षा वेगळा तिसरा पर्याय नाही. ती सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा) घालवण्यासाठी असते, आणि मोनोफोकल व मल्टिफोकल दोन्ही टोरिकमध्ये मिळतात. इथे चष्म्यावरचा सिलिंडर बघून ठरवू नका. त्यातला काही भाग डोळ्यातल्या मूळ भिंगाचा असू शकतो, आणि ते तर निघूनच जाणार. कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं, माप काय आलं ते विचारा. तिथे सिलिंडर बऱ्यापैकी असेल तर टोरिकला मी मल्टिफोकलपेक्षा आधी पसंती देईन. मात्र ती ठरलेल्या कोनातच राहावी लागते. एक अंश फिरली तरी सुमारे ३ टक्के परिणाम कमी होतो, ३० अंश फिरली तर फायदा जवळजवळ संपतोच.

मल्टिफोकल येणारा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटून देते. बऱ्याच जणांचा चष्मा सुटतो, ते आनंदात असतात. पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, मंद उजेडात उठाव कमी होतो आणि मेंदूला सवय व्हायला काही महिने लागू शकतात. रात्री गाडी चालवत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) विकार किंवा काचबिंदूने झालेलं नुकसान असेल, तर आग्रह धरू नका.

मोजमापाकडे दुर्लक्ष नको. डोळ्याच्या लांबीत १ मिलिमीटर चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकू शकतो. पूर्वी लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) झालं असेल तर सांगाच, लेन्सच्या नंबरच्या हिशेबाचं सूत्र बदलतं. डोळे कोरडे असतील तर आधी उपचार, मग माप.

टिकण्याची काळजी सोडा. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली, ती वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले कॉकपिटच्या प्लॅस्टिकचे तुकडे डोळा सहन करतो हे पाहूनच. सहसा लेन्स जन्मभर पुरते. पुढे धूसर होतो तो तिच्यामागचा पातळ पापुद्रा, आणि तो याग लेझरने मोकळा करतात. पण मल्टिफोकल बसवल्यावर पहिल्यापासूनच समाधान नसेल तर लेझरची घाई करू नका, कारण त्यानंतर लेन्स बदलणं अवघड होतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन दिवस टेप घेऊन पुस्तक, स्क्रीन, हातातलं काम किती अंतरावर असतं ते मोजा आणि कागदावर लिहून न्या. जमलं तर दुसऱ्या डोळ्याची लेन्स पहिल्याचा नंबर स्थिरावल्यावरच ठरवा.