वांगं सोडलं, दही सोडलं, खपल्या काही सुटेनात!

प्रश्न : नमस्कार ताई, मिस्टरांना सहा वर्षांपासून सोरायसिस आहे, कोपरं, गुडघे आणि डोक्यात. वय 46, उंची 5 फूट 7, वजन 92 किलो. मलम चालू आहे आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. पण घरी जो येतो तो एक पथ्य सांगून जातो, त्यामुळे वांगं, दही, लिंबू, टोमॅटो, मासे सगळं बंद केलंय. चार महिने झाले, काडीचा फरक नाही. आता नणंद म्हणतेय गहू पण बंद करा. करू का? आणि मुलं त्यांच्या ताटात जेवली तर चालेल का? (शनिवारी दोन पेग असतात, बाकी व्यसन नाही.)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी सगळ्यात आधी त्या कंसापाशी थांबले. अहो, वांग्याला घराबाहेर काढलंत आणि पेगला कंसात बसवलंत! दारूने सोरायसिस भडकू शकतो हे तर आहेच, पण मेथोट्रेक्सेटचा ताण मुळात लिव्हरवर येतो, त्यात दारू म्हणजे दुहेरी मार. हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर पुढच्या व्हिजिटला आधी हेच सांगा, लाजू नका.

दुसरं म्हणजे वजन. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती उगाच खवळलेली असते, एरवी साधारण महिन्याभरात बदलणारी कातडी चार-पाच दिवसांतच वर येते आणि म्हणून त्या चंदेरी खपल्या. आता गंमत बघा, या आजारात जी महागडी इंजेक्शनं देतात त्यातली काही टीएनएफ नावाच्या, दाह वाढवणाऱ्या एका रसायनाला अडवतात, आणि तेच रसायन पोटावरच्या चरबीतूनही पाझरत असतं. म्हणजे आग विझवायची एकीकडून आणि सरपण टाकायचं दुसरीकडून. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये आहाराबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यात सगळ्यात ठाम शिफारस हीच होती, वजन जास्त असेल तर कमी कॅलरीचं खाऊन ते उतरवा. 92 चे 5 टक्के म्हणजे साडेचार किलो, सुरुवातीला एवढंच टार्गेट ठेवा.

कुठून कापायचं? मला खात्री आहे चहापासून. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, 5 ग्रॅमचा चमचा धरला तरी 50 ग्रॅम साखर म्हणजे 200 कॅलरी, आणि सोबतची खारी-बिस्किटं अजून मोजलीच नाहीत. फरसाण, वडापाव, रात्री उशिराचं जेवण हे पण बघा. आणि मासे कृपा करून परत सुरू करा! बांगडा, तारली यात ओमेगा-3 असतं, फक्त तळू नका, कालवण करा. (फिश ऑइलच्या कॅप्सूलने मात्र सोरायसिसला फारसा फायदा दिसलेला नाही, पैसे वाचवा.) फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत भाज्या, कडधान्यं, फळं, मासे, ऑलिव्ह ऑइल असं जेवणाऱ्यांमध्ये तीव्र सोरायसिस कमी दिसला, त्याने बरं होतं असं काही त्यावरून सिद्ध होत नाही, पण असं जेवण आपल्याकडे पण आहेच की, मटकीची उसळ, पालेभाजी, भाकरी, जवसाची चटणी. ऑलिव्ह ऑइल नाही परवडलं तर नका आणू.

गहू लगेच बंद करू नका. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, ते ज्यांना खरंच सोसत नाही त्यांनाच गहू सोडण्याचा फायदा होतो, त्यासाठी सिलिअ‍ॅकची (ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी असते आणि ती गहू खात असतानाच करायची, आधी सोडला तर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. टोमॅटो-दह्याचं म्हणाल तर सरसकट बंद करण्याइतका पुरावा नाही. एखादा पदार्थ खाल्ला की दरवेळी खाज वाढते असं वाटलं तर वहीत लिहून ठेवा, तीन-चार आठवडे तो सोडून बघा, पण एका वेळी एकच, नाहीतर कळणार कसं?

हे सगळं औषधासोबत हं, औषधाऐवजी नाही. गोळी मनाने बंद करायची नाही आणि कोणी दिलेली पुडी डॉक्टरांना न दाखवता घ्यायची नाही. सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील किंवा सांधे सुजत असतील तर तेही सांगा, सोरायसिसचा संधिवात असू शकतो.

आणि मुलांना बाबांच्या ताटात खुशाल जेवू दे, हा आजार अजिबात लागत नाही. नणंदबाईंनाही सांगा.