फोटो एडिटेड असतात हे माहीत असूनही स्वतःच्या शरीराची लाज का वाटते?

तू विचारलंयस की रील्समधल्या मुली फिल्टर मारलेल्या असतात हे कळतं तरी आरशासमोर पोट आणि दंडच का दिसतात, माझ्यातच आत्मविश्वास कमी आहे का. मला वाटतं तू उगाच स्वतःला दोष देतेयस. खोटं आहे हे कळलं म्हणून मनातली तुलना थांबत नाही ग, जाहिरातीवर 'हा फोटो एडिट केलेला आहे' असं छापून बघितलं तरी बायकांना फारसा फरक पडत नाही असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय.

पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशाचं बघ. तिथे भरलेलं अंग म्हणजे घरची माणसं नीट काळजी घेतायत असं समजायचे. १९९५ ला नाद्रोगा भागात टीव्ही आला, परदेशी मालिका सुरू झाल्या. ॲन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा आणि परत १९९८ ला शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के. एवढ्या पोरींचा स्वभावच बदलला असेल का तीन वर्षांत?

आपल्याकडे तर टीव्हीच्या आधी घरातच सुरू होतं. माझ्या बहिणीच्या बायोडाटाला फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाल्याने न विचारता चेहरा इतका उजळ केला की गळा आणि हात दुसऱ्याच कुणाचे वाटत होते, आणि घरचे म्हणाले मस्त आलाय! रंगाच्या रकान्यात 'निमगोरी'. ती काही बोलली नाही पण नंतर कित्येक दिवस फोटोला उभी राहायची नाही. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 'फेअर' २०२० ला गेलं, बायोडाटातला रकाना कुठे गेलाय.

आत्मविश्वासाचा संबंध आहेच, नाही असं नाही. जिला लहानपणापासून कौतुक पण दिसण्यावरून आणि टोमणे पण दिसण्यावरून, तिच्या मनाला असे फोटो जास्त लागतात कारण मोजायला दुसरं काही दिलेलंच नसतं. म्हणून नुसतं 'स्वतःवर प्रेम कर' सांगून भागत नाही. जी अकाउंट बघून झाल्यावर पोट आत ओढलं जातं ती सरळ म्यूट कर, आणि घरी 'जाड झालीस' म्हणणाऱ्या मावशीला स्पष्ट सांग की यावर मला बोलायचं नाहीये, हे जड जातं पण सांग. जेवण टाळणं किंवा उलट्या काढणं सुरू असेल तर मात्र वाट बघत बसू नकोस, डॉक्टरांना भेट, नाहीतर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, त्यावर बोल.