'बाय अँड लार्ज' मधला 'लार्ज' आला कुठून?

प्रश्न असा आहे की ऑफिसच्या एका मेलमध्ये "वी वेअर टेकन अबॅक, बट बाय अँड लार्ज द प्रोजेक्ट इज अंडरवे" असं वाक्य आलं, अर्थ कळला, पण 'बाय' म्हणजे 'ने' किंवा 'जवळ' आणि 'लार्ज' म्हणजे मोठं, मग दोन्ही मिळून 'एकंदरीत' कसं काय झालं? आणि जाता जाता हेही विचारलंय की 'पॉश' हा शब्द मुंबईच्या बोटींवरून आला म्हणतात ते खरं का.

वाक्य भारी सापडलंय तुम्हाला, कारण त्यातले तिन्ही शब्दप्रयोग शिडाच्या जहाजांवरचे आहेत, आणि डिक्शनरीत नुसता अर्थ बघून ते उलगडत नाहीत. वारा कुठून येतोय एवढं डोळ्यासमोर आणलं की मात्र झटकन उलगडतात.

आधी बाय अँड लार्ज. शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. जुन्या आडव्या काठ्यांच्या, चौकोनी शिडांच्या जहाजांना वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 67 अंश तरी बाजूला राहावं लागायचं, त्याहून जवळ गेलं की शिडं फडफडायला लागणार. तर जमेल तितकं वाऱ्याच्या जवळ राहून, त्याच्याशी भांडत भांडत जहाज नेणं म्हणजे 'बाय द विंड' जाणं. सुकाणूवाल्याला 'फुल अँड बाय' असा हुकूम असायचा, म्हणजे शिडं भरलेली ठेव पण वाऱ्याला धरूनच चल. आणि 'लार्ज' म्हणजे याच्या उलट, वारा मागच्या अंगाने, थोडा बाजूने येतोय, शिडं मोकळी सोडलीत आणि जहाज आरामात पळतंय (अगदी सरळ मागून आलेला वारा तितका चांगला नाही बरं का, कारण मग मागची शिडं पुढच्या शिडांचा वारा अडवतात). काही जहाजं एका प्रकारात चांगली असायची तर काही दुसऱ्यात, आणि जे जहाज दोन्हीत नीट चालतं ते 'बाय अँड लार्ज' चांगलं, म्हणजे वारा कसाही असो, सगळं धरून. 1669 साली छापलेल्या नौकानयनाच्या एका इंग्रजी पुस्तकात हा प्रयोग सापडतो. तिथून तो जमिनीवर आला, पण 'बाय' आणि 'लार्ज' चे हे अर्थ काही बरोबर आले नाहीत, म्हणून आज ते दोन शब्द असे अनाथासारखे वाटतात. मराठीत 'एकंदरीत' किंवा 'एकूणात' हेच बरोबर बसतं, 'मोठ्या प्रमाणात' नाही, ती चूक भाषांतरांत खूप दिसते आणि दर वेळी खटकते.

टेकन अबॅक समजायला आपली पावसाळ्यातली छत्री पुरे. मरीन ड्राइव्हला जूनमध्ये छत्री पुढे धरून वाऱ्याशी झुंजत चाललेलो असतो आणि एकदम वारा फिरतो, आत शिरतो, छत्री उलटी होते, आपण जागच्या जागी थबकतो. जहाजाचंही तसंच, वारा अचानक फिरला किंवा सुकाणूवाल्याचं लक्ष चुकलं की वारा शिडांच्या पुढच्या बाजूने आदळायचा आणि शिडं डोलकाठीवर मागे दाबली जायची. यालाच 'अबॅक' म्हणायचे. जहाज थांबायचं, कधी मागे रेटलं जायचं, आणि खरा धोका असा की डोलकाठीला आधार देणारे दोर मुख्यतः मागून येणारा जोर सोसायला लावलेले असतात, त्यामुळे समोरून जोराचा वारा बसला तर डोलकाठी मोडू शकायची. म्हणून या शब्दात नुसतं 'आश्चर्य वाटलं' नाहीये, चालता चालता जागीच गपकन थांबायला लागलं हे आहे. आपलं 'अवाक झालो' किंवा 'चाटच पडलो' त्याच्या जवळ जातं.

अंडरवे मात्र थोडा फसवा आहे. तो डच 'ऑन्डरवेख' वरून आलाय, अर्थ सरळ 'वाटेत', पण नांगर उचलण्याला इंग्रजीत 'वे' च म्हणतात, फक्त स्पेलिंग वेगळं, वजन करण्याचं, त्यामुळे लोकांनी दोन्हीची गल्लत केली आणि जुन्या लिखाणात हा शब्द दोन्ही स्पेलिंगांनी दिसतो. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे समुद्रावरच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक नियमांत याची व्याख्या दिलीय, जहाज नांगरलेलं नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही आणि रुतलेलं नाही, म्हणजे ते अंडरवे. चाललंच पाहिजे असं नाही! इंजिन बंद करून नुसतं तरंगत असलं तरी ते अंडरवेच.

याच घराण्यातले दोन शब्द पटकन सांगतो. बाजूने वारा असला की जहाज पुढे जाता जाता वाऱ्याच्या रेट्याने आडवंही सरकत जातं, ते सरकणं म्हणजे लीवे, आणि त्यासाठी किनाऱ्याच्या बाजूला मोकळं पाणी राखावं लागतं, म्हणून 'गिव्ह मी सम लीवे' म्हणजे आपलं 'जरा ढील द्या'. आणि अलूफ हा मुळात किनाऱ्यापासून लांब राहण्यासाठी जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवण्याचा हुकूम, आज तो माणसांपासून अंतर राखून राहणाऱ्यांना लागतो.

आता रोजच्या वापरातला, आणि ज्याचा समुद्राशी संबंध आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं असा शब्द सांगायचा तर लॉगिन. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका, हे खरंच त्यावरून आलंय. जहाजाचा वेग मोजायला मागून पाण्यात लाकडाची एक फळी टाकायचे, तिला दोरी, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. फळी पाण्यात जवळजवळ जागेवर राहायची आणि जहाज पुढे जाईल तशी दोरी हातातून सुटत जायची, एक जण 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ धरून उभा आणि दुसरा गाठी मोजतोय. गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच ठेवलं की जितक्या गाठी गेल्या तितके सागरी मैल दर तासाला, म्हणून जहाजाचा वेग आजही 'नॉट' मध्ये, म्हणजे गाठींमध्ये. ही नोंद ज्या वहीत करायचे ती लॉगबुक, पुढे कुठलीही रोजची नोंदवही लॉगबुक, मग कॉम्प्युटरवरच्या नोंदी म्हणजे लॉग, आणि आत शिरताना नोंद करणं म्हणजे लॉगिन. ब्लॉगसुद्धा वेबलॉगचं आखूड रूप. म्हणजे आपण रोज सकाळी ऑफिसात त्या ओंडक्याचंच नाव घेतो.

पॉशचं सांगतो, ती गोष्ट खरी नाही. गोष्ट अशी की इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाची डावी बाजू सावलीची आणि परतताना उजवी, म्हणून श्रीमंत लोक 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी म्हणजे पोर्ट, परतताना उजवी म्हणजे स्टारबोर्ड) अशी केबिन घ्यायचे आणि पी अँड ओ ही जहाज कंपनी तिकिटावर त्यांच्या चार आद्याक्षरांचा, म्हणजे 'पॉश' असा शिक्का मारायची. उन्हाचा हिशोब बरोबर आहे, पूर्वेकडे येताना दक्षिणेचं ऊन उजवीकडे पडणार, म्हणूनच ती पटते. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही, आणि पैसे किंवा छानछोकी माणूस अशा अर्थांनी पॉश हा शब्द 19व्या शतकातल्या लंडनच्या बोलीत आधीच होता. आद्याक्षरं जोडून जुन्या शब्दाची व्युत्पत्ती कोणी सांगितली की सावध व्हावं, तसले शब्द खऱ्या अर्थाने विसाव्या शतकातच वाढले.

खरा दुवा शोधायचा तर 'गव्हर्न' बघा. ग्रीकमध्ये जहाज हाकण्याचं क्रियापद होतं 'कुबेर्नान', ते लॅटिनमध्ये 'गुबेर्नारे' झालं, फ्रेंचमधून इंग्रजीत आलं ते गव्हर्न. म्हणजे गव्हर्नर मुळात सुकाणूवाला! पुण्यातली आयटीवाली मंडळी ज्या कुबरनेटीस नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करतात त्याचाही अर्थ तोच, म्हणून त्याच्या लोगोत जहाजाचं चक्र आहे. आणि आपण काय म्हणतो, राज्याचं सुकाणू हाती घेतलं. 'सुकाणू' हा आपल्याकडे अरबी 'सुक्कान' वरून आला, दर्यावर्दी लोकांबरोबरच. शब्द वेगळ्या बंदरातला, कल्पना तीच.

अजून एक, कारण तो मला फार जवळचा वाटतो. 'आय कान्ट फॅदम इट' मधला फॅदम म्हणजे सहा फूट खोली, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले दोन हात, मिठी. खोली मोजायची दोरी पाण्यातून ओढताना दोन्ही हात पसरले की एक फॅदम. कोकणातला मच्छीमार खोली सांगतो ती 'वाव' मध्ये, इतके वाव पाणी आहे म्हणतो, आणि वाव म्हणजे तेच, पसरलेल्या दोन हातांची लांबी, संस्कृतातलं 'व्याम'. मग मिठीत घेणं, खोली मोजणं, समजून घेणं असा फॅदमचा प्रवास झाला. त्यामुळे 'आय कान्ट फॅदम इट' चं भाषांतर करताना 'मला समजत नाही' वर थांबू नका, मराठीत पाण्याची खोली मोजणारा शब्द तयार आहे, थांग लागत नाही.