ओदो बुयविद: एस्पेरांतोचे समर्थक की पुरस्कर्ते?

प्रश्न असा आहे: ‘ओडो बुज्विड हा पोलिश बॅक्टेरिओलॉजिस्ट आणि एस्पेरांतोचा सपोर्टर होता’ हे वाक्य मराठीत नीट कसं करावं? त्याचं नाव रेबीजच्या लसीशी जोडलेलं आहे, तर त्याला विषाणुतज्ज्ञ म्हणावं का? आणि सपोर्टरसाठी ‘समर्थक’ पुरेल का? (एस्पेरांतो म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा.)

माझं थोडक्यात उत्तर: जिवाणुशास्त्रज्ञ म्हणा, विषाणुतज्ज्ञ नको. ‘समर्थक’ चूक नाही, पण या माणसासाठी फार तोकडा आहे, ‘पुरस्कर्ते’ लिहा.

आधी पहिला शब्द. रेबीज विषाणूमुळे होतो हे आज आपल्याला माहीत आहे, म्हणून शंका येणं साहजिकच. पण बुयविद यांनी वॉर्सात रेबीजची लस टोचायला सुरुवात केली ती 1886 साली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 1885 मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला ती पहिल्यांदा टोचली होती. सशाच्या मज्जारज्जूचे वाळवलेले तुकडे वापरून ती लस तयार होत असे. रोगाचं मूळ सूक्ष्मदर्शकाखाली कुणालाच दिसलं नव्हतं. तंबाखूच्या रोगावर इव्हानोव्स्की आणि बायेरिंक यांनी काम केलं ते 1892 आणि 1898 मध्ये, आणि तिथून विषाणू ही वेगळी कल्पना आकाराला आली. तेव्हा 1886 च्या माणसाला विषाणुतज्ज्ञ म्हटलं की काळाचा गोंधळ होतो. बर्लिनला जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख आणि पॅरिसला पाश्चर यांच्या हाताखाली शिकून आलेल्या बुयविद यांना पोलंडमधले आद्य जिवाणुशास्त्रज्ञ मानतात. ‘जंतुशास्त्रज्ञ’ हा जुना मराठी शब्दही मला आवडतो. त्यातल्या ‘जंतू’त जिवाणू आणि विषाणू दोन्ही सामावतात, आणि त्या काळाच्या ज्ञानाशी तो प्रामाणिक राहतो.

ओघात आलं म्हणून सांगतो, बुयविद यांचं घटसर्पावरचं (डिप्थेरियावरचं) कामही महत्त्वाचं आहे. त्याबद्दल लिहाल तेव्हा तिथे ‘लस’ हा शब्द वापरू नका. घोड्याला घटसर्पाचं विष थोडंथोडं टोचायचं आणि मग त्याच्या रक्तातला द्रव आजारी मुलाला द्यायचा, अशी ती पद्धत होती. ते प्रतिविष. लस रोग होण्याआधी शरीराला तयार करते, प्रतिविष रोग झाल्यावर बाहेरून आयती मदत पुरवतं. मराठी वृत्तपत्रांत या दोन्हींना सर्रास लस म्हटलं जातं आणि वाचकाची दिशाभूल होते.

आता ‘समर्थक’. एखाद्या ठरावाला हात वर करणारा समर्थक असतो. घरी बसूनही समर्थक होता येतं. ‘पुरस्कर्ता’ या शब्दात ‘पुरस्’ म्हणजे पुढे, आणि ‘कृ’ म्हणजे करणे: एखादी गोष्ट लोकांपुढे आणून ठेवणारा. बुयविद यांनी नेमकं तेच केलं. ऑगस्ट 1912 मध्ये आठवं जागतिक एस्पेरांतो संमेलन आजच्या पोलंडमधल्या क्राकुफला भरलं, त्याच्या आयोजनाची धुरा त्यांच्याकडे होती. तेव्हा ते तिथल्या यागियेलोनियन विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. वॉर्सात 1887 साली भाषेचं पहिलं पुस्तक निघालं, त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून हे संमेलन मोठं मानलं गेलं. याच संमेलनात भाषेचे जनक झामेनहोफ यांनी सांगितलं की यापुढे मी तुमच्यापुढे उभा दिसणार नाही, येऊ शकलो तर तुमच्यातच बसलेला दिसेन. नेतृत्व असं जाहीरपणे सोडून देणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो, आणि तो क्षण ज्यांच्या यजमानपदाखाली घडला त्या बुयविद यांना नुसतं समर्थक म्हणवत नाही.

काही जण ‘एस्पेरांतोवादी’ लिहितात. ते टाळावं. ‘वादी’ लावला की मत किंवा तत्त्वज्ञान सूचित होतं. 1905 साली फ्रान्समधल्या बुलोन इथल्या पहिल्या संमेलनात जो जाहीरनामा मंजूर झाला, त्यात एस्पेरांतिस्टची व्याख्या स्पष्ट दिली आहे: जो ही भाषा जाणतो आणि वापरतो तो, मग हेतू कोणताही असो. म्हणजे व्याख्या वापरावर उभी आहे, श्रद्धेवर नाही. भाषेवर प्रेम करणारी मंडळी एकमेकांना ‘सामिदेआनो’ म्हणतात. त्याची फोड केली तर सामा म्हणजे सारखा, इदेओ म्हणजे विचार, आनो म्हणजे सदस्य. आपला ‘समविचारी’ इथे जवळजवळ जसाच्या तसा बसतो.

या माणसाला भाषेची ओढ का लागली असावी, याचा अंदाज त्यांच्या आयुष्यावरून बांधता येतो. जन्म 1857 चा, विल्नोचा, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्नियसचा. त्या एका गावात पोलिश, यिद्दिश, लिथुआनियन, बेलारुशियन, रशियन एवढ्या भाषा. वॉर्सा झारच्या ताब्यात, म्हणून विद्यापीठात शिकवणं रशियनमध्ये. कोखकडे जर्मन, पाश्चरकडे फ्रेंच. पुढे 1893 पासून क्राकुफ, तेही ऑस्ट्रियाच्या राज्यात. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावरच नव्हता, म्हणून तुमच्या वाक्यातला ‘पोलिश’ भाषेच्या आणि लोकांच्या अर्थाने घ्यावा लागतो. विज्ञान एक आणि ते समजून घ्यायला भाषा चार, हा त्रास त्यांना रोजचा असणार.

उच्चाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी ‘बुज्विड’ खटकतं. पोलिशमध्ये रोमन जे या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, डब्ल्यूचा ‘व’, आणि ‘द’ दंत्य असतो. शब्दाच्या शेवटी तो ‘त’सारखा कठोर होतो, पण पुढे प्रत्यय लागला की पुन्हा ‘द’ ऐकू येतो. म्हणून ‘ओदो बुयविद’ लिहावं. ‘क्राकोव’ऐवजी मी क्राकुफ लिहितो ते मात्र ऐकू येणाऱ्या उच्चाराप्रमाणे: त्यातला ‘ओ’ पोलिशमध्ये ‘उ’ होतो आणि शेवटचा ‘व’ कठोर होऊन ‘फ’ ऐकू येतो.

त्यांच्या पत्नीबद्दलही लिहिणार असाल, आणि लिहावंच, तर ‘काझिम्येरा बुयविदोवा’ हे नाव पाहून आडनाव निराळं आहे असं समजू नका. ‘ओवा’ हा विवाहित स्त्रीच्या आडनावाला लागणारा पोलिश प्रत्यय आहे. त्या पतीच्या प्रयोगशाळेत काम करत. मुलींना विद्यापीठाची दारं उघडावीत म्हणून त्या झगडल्या, आणि 1896 मध्ये क्राकुफला मुलींसाठी जी माध्यमिक शाळा निघाली तिच्यामागे त्यांचे कष्ट होते. त्यांच्यासाठी मात्र ‘कार्यकर्त्या’ हाच शब्द योग्य.