हेडरमधलं नाव पुसलं गेलंय? नोटिशीच्या आधी हे करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या प्रोजेक्टमधली एमआयटी या सैल लायसन्सखालची पार्सरची (मजकूर वाचून त्याचे भाग पाडणाऱ्या कोडची) फाइल एका जीपीएल प्रोजेक्टने उचलली; जीपीएल म्हणजे बदललेला कोड वाटताना तोही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारं लायसन्स. वरची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढून तिथे स्वतःचं जीपीएल हेडर चिकटवलं. तुम्ही त्यांच्याकडे इश्यू उघडलात (जाहीर तक्रार नोंदवलीत), तर ‘कोड मोकळाच होता ना’ म्हणून तो बंद केला. आता थेट टेकडाउन नोटीस, म्हणजे कोड साइटवरून उतरवायला लावणारी कॉपीराइटची नोटीस, पाठवावी का, हे तुम्हाला विचारायचंय.

माझं म्हणणं, आत्ताच नको. तक्रार मात्र पूर्ण रास्त आहे, आणि ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

कोड घेतला याबद्दल भांडू नका, तो घ्यायला तुम्हीच परवानगी दिली आहे. एमआयटी एकच गोष्ट मागतं: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर कोडसोबत राहू द्या. बाकी वापरा, बदला, विका, जीपीएलमध्ये मिसळा. स्वतः केलेल्या बदलांवर त्यांनी जीपीएल लावलं तरी हरकत नाही. पण आपलं लायसन्स जोडणं वेगळं आणि दुसऱ्याचं खरवडून काढणं वेगळं. अमेरिकेतल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात हाच मुद्दा होता. मॉडेल रेल्वे चालवण्याच्या जेएमआरआय या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या फाइली लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या ओळी न ठेवता वापरल्या गेल्या होत्या. फेडरल सर्किट न्यायालयाने 2008 साली सांगितलं की अशा लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, कोड फुकट दिलेला असला तरी.

दोन ओपन सोर्स प्रोजेक्टमधलं भांडण म्हटलं की मला 2007 साल आठवतं. त्या एप्रिलमध्ये ओपनबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपसाठी बीसीडब्ल्यू नावाचा ड्रायव्हर तयार होत होता. त्यात लिनक्सच्या जीपीएल ड्रायव्हरमधला कोड आल्याचं लिनक्सवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जाहीर पत्र लिहिलं, बऱ्याच जणांना प्रती पाठवल्या. काही भाग वेगळ्या लायसन्सखाली देण्याबद्दल बोलायचीही त्यांची तयारी होती. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो काढूनच टाकला. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डी राट यांचा राग होता तो पद्धतीवर: आधी त्या माणसाला खाजगीत का नाही सांगितलं? चूक ओपनबीएसडीकडची होती, तरी हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. चारचौघांत चोर ठरवलेला माणूस दुरुस्ती करत बसत नाही, निघून जातो.

मग त्याच ऑगस्टमध्ये पारडं फिरलं. अथेरॉसच्या चिपसाठी ओपनबीएसडीतल्या एकाने रिव्हर्स इंजिनीअरिंग करून लिहिलेला कोड आयएससी या सैल लायसन्सखाली होता. लिनक्सच्या एथ5के ड्रायव्हरसाठी तो घेताना एका पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या फाइलीत) मूळ लायसन्सचा मजकूर काढून जीपीएल घातलं गेलं. गुंता असा की शेजारच्या काही फाइली खरोखरच दुहेरी लायसन्सच्या होत्या, तिथे जीपीएल निवडायची मुभा होती. सगळ्या फाइली एकाच मापाने मोजल्या गेल्या. मुक्त सॉफ्टवेअरला कायदेशीर मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने त्याच वर्षी मार्गदर्शक टिपण काढलं, त्याचा गाभा हाच की सैल लायसन्सच्या फाइली जीपीएल प्रोजेक्टमध्ये आणताना मूळ नोटिसा जशाच्या तशा ठेवा. एथ5केच्या फाइली आज उघडून पाहा. ओपनबीएसडीच्या त्या लेखकाचं नाव आणि त्याच्या लायसन्सचा मजकूर लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये जागेवर आहे. तुम्हाला हवंय ते एवढंच, आणि ते मिळू शकतं.

पत्र लिहायच्या आधी एक काम करा. ‘आमची फाइल’ म्हणताय ती नक्की कोणाची? कॉपीराइट करार लिहून घेतलेले नसतील तर प्रोजेक्ट सहसा मालक नसतो. ज्याने ज्या ओळी लिहिल्या त्या त्याच्या. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘git log --follow’ चालवा, फाइलचं नाव बदललं असेल तरी इतिहास मिळतो. मग ‘git blame’ बघा, कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते तिथे दिसतं. निम्मी फाइल दुसऱ्या कोणी लिहिली असेल तर त्यालाही सोबत घ्या. मी एकदा अशी तक्रार घेऊन गेलो आणि समोरच्या मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) शांतपणे दाखवलं की वादातलं फंक्शन आमच्याकडेच एका तिसऱ्या प्रोजेक्टमधून आलं होतं, नावाशिवाय. कॉमेंटमधली स्पेलिंगची चूकसुद्धा तिन्हीकडे तीच होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आधी आमचं हेडर दुरुस्त केलं, मूळ लेखकाला लिहिलं, मगच पुढे बोललो.

आता पत्र. खाजगी, मेंटेनरच्या नावाने, लहान. कोणती फाइल, तुमचा कोणता कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल), त्यांच्या कोणत्या कमिटमध्ये हेडर गेलं, आणि तयार पॅच सोबत. साधारण असं: ‘ही फाइल आमच्या अमुक कमिटमधून आलेली दिसते. तुम्ही ती वापरता याचा आनंद आहे. मूळ कॉपीराइटची ओळ आणि एमआयटीचा मजकूर परत ठेवणारा पॅच जोडला आहे. तुमच्या बदलांवरचं तुमचं हेडर तसंच राहील.’ पॅच जोडलात की समोरच्याला वाद घालण्यापेक्षा तो मर्ज करणं, म्हणजे कोडमध्ये सामावून घेणं, सोपं जातं.

मुदत 30 दिवसांची द्या. त्यांचं लायसन्स जीपीएलची तिसरी आवृत्ती असेल तर पहिल्यांदाच चूक दाखवली गेलेल्याला परवानगी परत मिळवायला तिथेही 30 दिवसच आहेत. त्यांच्याच नियमातली सवलत आहे, ती नाकारणं त्यांना जड जाईल.

उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा नकार आला, तर नोटीस हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. फक्त तिचा मार कुठवर जातो ते ओळखून असा. 2014 मध्ये क्राफ्टबकिट या सर्व्हर सॉफ्टवेअरवर त्याच्याच एका योगदात्याने डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली नोटीस लावली आणि माइनक्राफ्ट या खेळाचे कितीतरी सर्व्हर ज्यावर उभे होते त्या सॉफ्टवेअरचं वाटपच थांबलं. त्याच्या हक्काबद्दल मी बोलत नाही, पण ज्यांचा वादाशी संबंध नव्हता तेही अडकले. म्हणून नोटिशीत अख्खा रेपो (प्रोजेक्टचा सगळा साठा) नको, नेमकी फाइल लिहा.

आणि ते राजी झाले तर इतिहास नव्याने लिहायला लावू नका, त्यांच्या सगळ्या फोर्कची (त्यावरून इतरांनी काढलेल्या प्रतींची) मोडतोड होईल. हेडर परत आणणारा एक कमिट आणि त्यात कारण सांगणारी एक ओळ पुरते. मात्र डाउनलोडला ठेवलेल्या जुन्या रिलीज विसरू नका. तिथल्या टारबॉलमध्ये (कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) तुमचं नाव अजूनही नसेल, त्यासाठी नवी पॉइंट रिलीज, म्हणजे छोट्या दुरुस्तीची आवृत्ती, मागून घ्या.